हुकमाबाहेरचं तांबं

तुकोजीरावांच्या कोकरांचे मागचे पाय लुळे पडतात ही बातमी मला खात्याकडून कळली नाही, आमच्या घरच्या पंगतीत कळली. वडिलांच्या ओळखीचे कोणी जेवायला बसले होते. रिसाल्यातला दफेदार धनगर झाला, आता भोगतोय, असं ते भात कालवता कालवता सांगत होते. सगळे हसले. मला हसू आलं नाही. एक तर मी वाढत होते, आणि वाढणाऱ्या बाईला हसायची फुरसत नसते. दुसरं म्हणजे सरकार मला ज्या कामाचा पगार देत होतं ते हेच होतं, आणि ते मला वरणभातावर ऐकावं लागत होतं.

माझं नाव शरयू. ग्वाल्हेरला गोरखी महालामागच्या एका जुन्या इमारतीत पशुवैद्यक खात्याची प्रयोगशाळा होती, तिथे मी रसायनं बघायची. म्हणजे रक्त, चारा, पाणी, माती जे येईल ते नळीत घालून त्यात काय आहे आणि काय नाही हे सांगायचं. वडील कृष्णराव राजवाड्यातल्या देवघराचे पुजारी. संस्थान विलीन झालं तरी देव विलीन झाले नव्हते, त्यामुळे त्यांची नोकरी टिकली होती. मुलगी एम. एस्सी. झाली याचा त्यांना अभिमान होता, ती पिशवीत मेंढीचं यकृत घेऊन येते याचा नव्हता. मागच्या दारी अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, एवढ्यावर आमची तडजोड झाली होती.

तुकोजीरावांचं घराणं दक्षिणेतून घोड्यावर बसून आलेलं आणि पिढ्यान् पिढ्या घोड्यावरून न उतरलेलं. रिसाला मोडला तेव्हा सगळ्यांच्या हातावर काही ना काही रक्कम ठेवून त्यांना घरी पाठवण्यात आलं. कोणी नई सडकेवर दुकान टाकलं, कोणी जावयाच्या धंद्यात पैसे घातले आणि बुडवले. तुकोजीरावांनी शिवपुरीच्या वाटेवर, जिथे पूर्वी रिसाल्याच्या घोड्यांचं गवत राखलेलं असायचं त्या कुरणाच्या कडेला, एक तुकडा जमीन आणि काळ्या लोकरीच्या मेंढ्यांचा कळप घेतला. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. मराठ्यानं मेंढरं राखावीत हे भावकीला इतकं झोंबलं की त्यांनी लग्नाच्या पत्रिका पाठवणंही बंद केलं. त्यांच्याजवळ जे काही होतं ते आता त्या काट्यांच्या कुंपणात उभं होतं.

होळीच्या आधी मी टांगा करून तिथे गेले. साल छप्पन. मेंढवाडा पाहून मी थक्क झाले. घोड्यांच्या पागेसारखा झाडलेला, पाण्याच्या वेळेला घंटा, आणि तुकोजीराव खाकी कोटाची सगळी बटणं लावून फाटकात उभे. मिशा पांढऱ्या, पाठ सरळ. मी तपासणीला आलेली मोठी अधिकारी आहे असा त्यांचा समज झाला होता. मी तो लगेच दूर केला, पण त्यांनी तो सोडला नाही.

"कधीपासून आहे हे?" मी विचारलं.

"मागच्या साली दोन-चार होती, बाईसाहेब. यंदा ज्यादा आहेत." त्यांनी एक कोकरू उचलून माझ्यापुढे ठेवलं. "जन्मतात तेव्हा ठीक असतात. डोळे साफ, दूध पिऊन राहिली आहेत. मग हळूहळू मागून डगमगतात. हे बघा."

कोकरू उठलं, चार पावलं चाललं आणि त्याचा मागचा भाग एका बाजूला कलंडला. ते पुन्हा उठलं, पुन्हा पडलं. रडत नव्हतं, ओरडत नव्हतं, नुसतं आईच्या दिशेनं जायचा प्रयत्न करत होतं. मला त्याचा फार त्रास झाला, आणि त्रास झाला की मला राग येतो. मी रागारागानंच मोठ्या मेंढ्यांकडे वळले. काळ्या म्हणून विकत घेतलेल्या त्या मेंढ्या आता गंजलेल्या रंगाच्या दिसत होत्या. लोकरीतला कुरळेपणा गेला होता, बोटात धरली तर ताठ, केसांसारखी लागत होती.

"खायला काय?"

"हेच गवत. संस्थानच्या घोड्यांनी खाल्लेलं आहे, बाईसाहेब. याच्यासारखं गवत आग्र्यापर्यंत मिळणार नाही."

"पाणी?"

"समोरच्या तळ्याचं."

"औषधं?"

"सरकारी. जंतांची जी पुडी मिळते ती, कागदावर लिहिलं आहे तशी, तेवढीच. दुसरं काही बिलकुल नाही." हे सांगताना त्यांनी टाचा जुळवल्या.

कुंपणापलीकडे हरबिलास बघेलचा कळप चरत होता. हरबिलास जातीचा गडरिया, बापजाद्यांपासून मेंढरं राखणारा. तेच गवत, तेच तळं, आणि त्याच्या मेंढ्या कोळशासारख्या काळ्या. त्याची कोकरं नुसती उड्या मारत होती.

मी परत येऊन मुकुंदरावांपुढे उभी राहिले. मुकुंदराव आमचे वरिष्ठ. तेव्हा मध्यभारताची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असायची, आणि आमचे साहेब फायलींच्या पेट्यांबरोबर वर्षातून दोनदा हलायचे. कोकरं जन्माला येऊन पडायला लागायची नेमकी तेव्हा साहेबांची बांधाबांध सुरू असायची. लुळं कोकरू त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. वर्णन ऐकून त्यांनी निदान करून टाकलं होतं.

"सांसर्गिक आहे, शरयूबाई. मेंदूचा विकार दिसतो. कळप बाहेर न्यायचा नाही, विकायचा नाही, असा हुकूम मी काढला आहे. पुढच्या वेतालाही असंच झालं तर सगळा कळप नष्ट करून चुन्यात पुरायचा."

"सगळा?"

"शेजारी बघेलची मेंढरं चांगली आहेत. ती बिघडायच्या आत हे संपवलेलं बरं. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

वाईट माणूस असता तर मला बरं पडलं असतं. मुकुंदराव वाईट नव्हते. दमलेले होते, आणि त्यांचं म्हणणं वरवर बिनचूक होतं.

"दोन वर्षं एका काट्याच्या कुंपणापाशी थांबून राहणारा संसर्ग मी वाचलेला नाही," मी म्हणाले. "दोन्ही कळप एकाच तळ्यावर तोंडाला तोंड लावून पितात."

"मग काय आहे ते सिद्ध करा. पुढच्या वेतापर्यंत वेळ आहे तुमच्याकडे. नाही झालं तर हुकूम आहेच."

ते इंदूरला गेले आणि मी कामाला लागले. कुठलाही कळप हकनाक चुन्यात गेलेला मला आवडला नसता, पण हा तर टाचा जुळवून खरं बोलणाऱ्या माणसाचा होता. तो मी जाऊ देणार नव्हते.

तो उन्हाळा मी नळ्यांत काढला. मेलेल्या कोकराचं यकृत जाळून त्याची राख आम्लात विरघळवायची, त्यात एक द्रव घालायचा. तांबं असलं की नळीत पिवळसर तपकिरी रंग चढतो, जितकं तांबं जास्त तितका गडद. तांब्याचा संशय मला लोकरीवरून आला होता. काळी लोकर काळी राहायला शरीरात किंचित तांबं लागतं, अगदी नखाच्या टोकावर मावेल इतकंही नाही, पण ते लागतंच. आणि ते आईच्या पोटात असताना मिळालं नाही तर कोकराच्या पाठीच्या कण्यातले तंतू नीट बनत नाहीत.

तुकोजीरावांच्या कोकराची नळी पाण्यासारखी राहिली. मी पुन्हा केलं, तशीच राहिली. मोठ्या मेंढ्यांचं रक्त तपासलं, तिथेही जेमतेम रंग. मग हरबिलासच्या मेंढ्यांचं रक्त आणलं आणि नळी झक्क तपकिरी झाली. आमच्या प्रयोगशाळेत उन्हाळ्यात पंखा चालला तर नशीब, घाम टपटप गाळत मी ती नळी खिडकीत धरून उभी होते आणि मला फार आनंद झाला होता. तो दुपारपर्यंतच टिकला. कारण मग मी गवत तपासलं, माती तपासली, तळ्याचं पाणी तपासलं. सगळीकडे तांबं नावाला. जिथे हरबिलासच्या मेंढ्या चरायच्या तिथेही.

पावसाळाभर मी डोकं धरून बसले. वडील म्हणायचे, "जप कर थोडा." मी म्हणायची, "जपात तांबं किती असतं?" आणि मग ते दोन दिवस माझ्याशी बोलायचे नाहीत. एकदा असंच चिडून तांदूळ निवडत असताना माझ्या लक्षात आलं की मी प्रश्न उलटा धरला आहे. या कुरणावर मेंढ्यांना तांबं न मिळणं हेच साहजिक होतं. तुकोजीरावांच्या कळपात विशेष काहीच नव्हतं. विशेष होतं ते हरबिलासच्या कळपात. त्याच्या मेंढ्यांना तांबं येतं कुठून, हे शोधायला हवं होतं.

दसऱ्याच्या सुमाराला मी हरबिलासच्या झोपडीत जाऊन बसले. माणूस गोड बोलणारा. चहा झाला, गूळ झाला.

"हरबिलास, मेंढ्यांना तू काय देतोस?"

"कछू नईं, बाई साब. जो सरकार देत है सोई पिलात हैं. सरकारी पुड़िया."

"आणखी?"

"और कछू नईं. राम कसम."

तो इतक्या सफाईनं बोलला की मी उठणारच होते. तेवढ्यात दाराशी पालथं घातलेलं लोखंडी घमेलं मला दिसलं. जुनं, गंजकं, काळं. मी सहज ते उलटं केलं. आतला तळ गंजलेला नव्हता. त्याच्यावर तांबूस, चकचकीत थर होता, देव्हाऱ्यातलं ताम्हण चिंचेनं घासल्यावर दिसतं तसा. लोखंडावर असा थर एकाच रीतीनं चढतो. मोरचुदाचं पाणी लोखंडात ठेवलं की पाण्यातलं तांबं लोखंडावर बसतं. हे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकवतात आणि मी ते स्वतः मुलांना करून दाखवलेलं होतं.

"नीला थोथा," मी म्हणाले.

हरबिलासचा चेहरा उतरला. त्याची बायको आत गेली ती बाहेर आली नाही.

यातली अडचण अशी होती. संस्थानच्या दिवसांत ग्वाल्हेरच्या मेळ्यात येणाऱ्या मेंढ्यांना जंतांवर मोरचुदाचं पाणी पाजायचे. सगळे गडरिये ते शिकले. मग विलीनीकरण झालं, कुठल्याशा जिल्ह्यात कोणी तरी हात सैल सोडला, मोरचूद जास्त झालं आणि मेंढ्या मेल्या. मोरचूद जास्त झालं तर मेंढी मरतेच, त्यात चूक नाही. नव्या सरकारनं हुकूम काढला की मोरचूद बंद, त्याऐवजी ही विलायती भुकटी. भुकटी जंतांना चांगली होती, पण तिच्यात तांबं नव्हतं. मोरचूद मेंढ्यांचे जंत मारत होतं आणि मारता मारता त्यांना तांबंही पुरवत होतं, हे कोणाच्याच ध्यानात आलेलं नव्हतं. हुकूम काढणाऱ्यांच्या नाही, हरबिलासच्याही नाही. सरकारी पुडीला तालुक्याला खेटे घालावे लागतात आणि मोरचूद दाल बाजारात हात लांबवला की मिळतं, एवढ्यासाठी तो चोरून जुनंच पाजत होता.

आणि तुकोजीराव, साऱ्या कुरणावर सरकारचा शब्द तंतोतंत पाळणारा एकटा माणूस, त्याची शिक्षा भोगत होते.

"बाई साब, जुर्माना हो जैहै," हरबिलास म्हणाला. हात जोडलेले होते.

मी त्याला शब्द दिला की तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. शब्द देताना मला कळत होतं की माझा सगळ्यात सोपा पुरावा मी त्याच्या अंगणात सोडून चालले आहे. आता एकच वाट उरली होती. तुकोजीरावांच्या मेंढ्यांना, त्या गाभण असतानाच, तांबं पाजायचं आणि कोकरं उभी करून दाखवायची.

नोव्हेंबरात आमचं राज्यच बदललं. मध्यभारत संपून मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळ. प्रयोगशाळेत सुतार खोकी ठोकू लागले. माझी नळ्यांची कपाटं पेंढ्यात गेली. मुकुंदरावांच्या खोलीत खुर्ची तेवढी शिल्लक होती, ते तिच्यावर बसून गाठोडी मोजत होते. ग्वाल्हेर सोडायचं या कल्पनेनं त्यांचा चेहरा सुकून गेला होता.

मी सगळं मांडलं, हरबिलास वगळून. त्यांनी नीट ऐकलं.

"तांब्याची कमतरता असेल, मी नाही म्हणत नाही. पण मोरचुदावर बंदी आहे. ती उठवायची तर ज्यांनी घातली ते सरकार पाहिजे. ते सरकार राहिलं नाही. नवं भोपाळला आहे, आणि त्यांच्या फायली कुठल्या स्टेशनवर पडल्या आहेत देव जाणे."

"मग कळप मारायचा हुकूमही गेला असेल ना? तोही त्याच सरकारचा."

"तो राहिला," मुकुंदराव म्हणाले. "आधी निघालेले हुकूम नवीन निघेपर्यंत चालू राहतात, असं परिपत्रक आहे."

"म्हणजे मारायचा हुकूम चालू आणि वाचवायचा निघू शकत नाही."

"असंच दिसतं," ते म्हणाले, आणि मला खरंच वाटतं की त्यांना लाज वाटली.

मी भोपाळला लिहिलं. पुन्हा लिहिलं. उत्तर आलं नाही. मग मी दाल बाजारात पंसाऱ्याकडे गेले आणि मोरचूद मागितलं. त्यानं कशाला म्हणून विचारलं. पुस्तकांच्या बांधणीच्या खळीत घालायचंय, कीड लागू नये म्हणून, असं मी न अडखळता सांगितलं. खोटं बोलायला मला कधी जड गेलं नाही, काम चांगलं असलं म्हणजे.

तुकोजीरावांना मात्र जड गेलं. मी पिशवी पुढे केली तर त्यांनी ती हातातही घेतली नाही.

"हुकूम आहे?"

"नाही. येईल असं दिसतही नाही. पण औषध हेच आहे, तुकोजीराव. मी तपासून सांगते आहे. आता गाभण आहेत तोवर दिलं तर कोकरं वाचतील, नंतर देऊन काही उपयोग नाही."

"माझा तुमच्यावर भरोसा आहे, बाईसाहेब. पण हुकमाविरुद्ध मी कधी पाणीसुद्धा प्यालो नाही."

"कळप मारतील."

"हुकूम असेल तर मारतील." असं म्हणताना त्यांचा हात कोटाच्या बटणाकडे गेला, पण पाठ वाकली नाही. मला त्यांची इतकी माया आली आणि इतका संताप आला की मी पिशवी कुंपणावर टांगून तशीच निघून आले. टांग्यात बसून रडले. टांगेवाल्यानं विचारलं, "बाई, कोई गुजर गया क्या?" मी म्हटलं, "अभी नहीं."

पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. जाणं सोडायचं नाही एवढं ठरवलं होतं. तुकोजीराव मेंढवाड्यात जमिनीवर बसलेले होते, बटणं न लावता. त्यांच्या मांडीवर एक कोकरू होतं. एक मेंढी अवेळी, इतरांच्या कितीतरी आधी व्यायली होती, आणि हे कोकरू जन्मतःच लुळं होतं. त्यांनी कोकराच्या मागच्या पायांना घोड्याच्या पायाला बांधतात तशा पट्ट्या बांधल्या होत्या, खालून वर, घट्ट, एकसारखे वेढे. रिसाल्यात लंगड्या घोड्यांना त्यांनी असंच उभं केलं असणार. त्यांनी कोकरू खाली ठेवलं. ते पट्ट्यांवर क्षणभर उभं राहिलं. मग पट्ट्यांसकट कोसळलं आणि पुढच्या पायांनी स्वतःला आईकडे ओढत नेऊ लागलं.

तुकोजीराव उठले. कोटाची बटणं लावली, खालपासून वरपर्यंत. कुंपणावर ती पिशवी तशीच होती.

"बाईसाहेब, हुकूम तुम्ही द्या."

"मला अधिकार नाही, तुकोजीराव. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. तरी द्या. माझ्या कानाला तो ऐकू आला पाहिजे, नाही तर हात चालणार नाही."

मी जन्मात कोणाला हुकूम दिला नव्हता. घरात मांजर माझं ऐकत नव्हतं. मी पदर खोचला, ताठ उभी राहिले आणि म्हणाले, "दफेदार तुकोजीराव, कळपातल्या सगळ्या गाभण मेंढ्यांना मी सांगीन त्या मापानं मोरचूद पाजा."

"जोरात, बाईसाहेब. परेडवर हे ऐकू जाणार नाही."

मी ओरडले. हरबिलासची कुत्री भुंकायला लागली. तुकोजीरावांनी खाडकन सलाम केला आणि पिशवी काढून घेतली.

माप मी स्वतः धरलं. भीती मलाही होती. एखादी मेंढी जास्तीनं मेली असती तर मी त्या माणसाचं घर माझ्या हातानं बुडवलं असतं. म्हणून अगदी पातळ पाणी केलं, मातीच्या गाडग्यात, आणि आधी दोनच मेंढ्यांना पाजून वाट पाहिली. त्या दोघी रवंथ करत बसल्या तेव्हा बाकीच्यांना पाजलं. पुढेही दर थोड्या दिवसांनी मी जात राहिले. प्रयोगशाळा भोपाळला गेली, माझ्या बदलीचा कागद आला, मी आजारपणाची रजा टाकली. आजार काय म्हणून वडिलांनी विचारलं. मी म्हटलं, तांब्याची कमतरता. त्यांनी त्या रात्री माझ्या उशाशी तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवलं. मी ते मुकाट्यानं प्याले.

संक्रांत होऊन गेल्यावर तुकोजीरावांनी मला एक मेंढी धरून दाखवली. त्यांनी तिच्या पाठीवरची लोकर दोन्ही हातांनी फाकवली. वर तीच गंजकट लोकर, आणि खाली, कातड्याला लागून, काळीभोर, कुरळी, नवी. मधली रेघ पट्टी धरून ओढावी इतकी स्पष्ट होती. त्यांनी ती लोकर हलकेच पुन्हा मिटवली आणि दुसरी मेंढी आणायला गेले.

फेब्रुवारीत मुकुंदराव भोपाळहून जीप घेऊन आले. मागे चार माणसं होती, फावडी होती, चुन्याची पोती होती. मी आधीच येऊन फाटकात उभी होते. मला पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

"तुम्ही आजारी आहात ना?"

"आहे. आधी कोकरं बघा, मग माझी विचारपूस करा."

त्यांनी बघितली. मेंढवाड्यात या वेतातली सगळी कोकरं होती, ते पट्ट्यांचं एक सोडून. तुकोजीरावांनी घंटा वाजवली आणि आया पाण्याकडे निघाल्या. कोकरं त्यांच्या मागे धावली. एक धडपडून आडवं झालं, मी पुढे झाले, ते उठलं आणि दुसऱ्याच्या अंगावरून उडी मारून पुढे गेलं. मी मुकुंदरावांच्या हाताला धरून मेंढीपाशी नेलं आणि लोकर फाकवून दाखवली. ते वाकून बराच वेळ पाहत राहिले. कितीही दमलेला असला तरी तो माणूस मुळात पशुवैद्य होता, हे तेव्हा मला दिसलं. त्यांची बोटं लोकरीवरून फिरत होती आणि चेहरा तरुण झाला होता.

मग ते सरळ झाले. जीपमधल्या माणसांना त्यांनी हातानंच, उतरू नका, असं सांगितलं.

"हे मोरचूद आहे," ते म्हणाले. "दुसऱ्या कशानं हे होणार नाही. कळपाला आता कोणी हात लावणार नाही, ते मी बघतो. पण मोरचुदावर बंदी आहे, आणि मला वर लिहावं लागेल की हे कोणाच्या हुकमानं झालं. तुकोजीराव, कोणी सांगितलं तुम्हाला?"

तुकोजीरावांनी टाचा जुळवल्या. मी तोंड उघडलं, पण ते माझ्या आधी बोलले. समोर, लांब कुरणाकडे बघत.

"कोणी नाही, साहेब. हुकूम नव्हता. मी माझ्या मनानं दिलं."

त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. चाबूक खाल्ल्यासारखा तो माणूस ते वाक्य बोलला. रिसाल्याची सारी नोकरी, बाप, आजा, सगळं त्यानं त्या एका वाक्यात खाली ठेवलं होतं, माझी नोकरी राहावी म्हणून.

"खोटं आहे," मी म्हणाले. "मुकुंदराव, यांना खोटं बोलता येत नाही, तुम्हाला दिसतंच आहे. हुकूम मी दिला. मला अधिकार नव्हता, तरी दिला. चांगला ओरडून दिला, कुंपणापलीकडची कुत्रीसुद्धा भुंकली होती. माझं नाव लिहा. आणि खाली हेही लिहा की ही बंदी उठवली नाही तर पुढच्या वर्षी अशा प्रत्येक कळपात जाऊन मी पुन्हा हुकूम देणार आहे."

मुकुंदरावांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. मग खिशातून पेन काढलं आणि माझं नाव लिहिलं. मला सक्त ताकीद मिळाली. ती मी वाचली आणि ठेवून दिली. बंदी उठायला पुढे बराच काळ लागला, पण उठली.

त्या दिवशी जीप गेल्यावर मी तुकोजीरावांकडे वळले. ते आभार मानतील असं मला वाटलं होतं, आणि त्यांना कसं थांबवायचं हेही मी मनात जुळवून ठेवलं होतं. ते लालबुंद झाले होते. त्यांना इतकं रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"बाईसाहेब," ते म्हणाले, "जन्मात एकदा खोटं बोललो. तेवढंसुद्धा तुम्ही राहू दिलं नाही."